नातवाच्या कपाटातले पुस्तक

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. मुलुंड पूर्वेच्या माझ्या दवाखान्यात एक काकू आल्या होत्या. वय शहात्तर. त्या स्वतःच्या तक्रारीसाठी क्वचितच येतात. यजमानांना नऊ वर्षांपासून कंपवात आहे, त्यांच्या औषधांची चिठ्ठी नव्याने लिहून घ्यायला येतात आणि मी आग्रह केला तर दंड पुढे करून रक्तदाब मोजू देतात. त्या दिवशी पट्टा बांधताना त्यांची कापडी पिशवी मांडीवरून घसरली आणि तीतून एक पुस्तक बाहेर आले. वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले, आपण शाळेत वह्यांना घालत असू तसे. पुस्तक उघडेच पडले होते, त्यामुळे नाव झाकून काही उपयोग झाला नाही. ते ‘तोत्तोचान’ होते.

काकू अक्षरशः लाजल्या. “नातवाचं आहे हो,” त्या म्हणाल्या. “तो शिकायला पुण्याला गेला, त्याचं कपाट इथंच राहिलं.” मग हळू आवाजात, “कव्हर घातलंय म्हणजे बाहेर बसलेल्यांना वाटतं, पोथी वाचतेय.”

मी टेबलाचा खालचा खण उघडला. औषध कंपन्यांनी दिलेल्या नमुन्यांच्या खाली माझी प्रत होती, ती त्यांना दाखवली. रक्तदाब त्या दिवशी १३४ भरला. इतरवेळी १५०च्या खाली येत नाही. यावरून मी कोणताही वैद्यकीय निष्कर्ष काढत नाही, आपणही काढू नये.

मात्र त्या कव्हराचा विचार मनातून गेला नाही. सत्तरी ओलांडलेल्या, घर सांभाळलेल्या, नवऱ्याला दिवसातून चार वेळा घड्याळ लावून गोळ्या देणाऱ्या बाईला मुलांचे पुस्तक वाचण्याची लाज का वाटावी? आणि मी तरी माझी प्रत गोळ्यांच्या नमुन्यांखाली का ठेवत होते?

माझी सुरुवात आजारपणात झाली. एप्रिल २०२१मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मला लागण झाली आणि चौदा दिवस मी मुलीच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतले. ती खोली दिली गेली, कारण तिला वेगळी न्हाणी आहे. तिथे माझे काहीही नव्हते. होते ते मुलीचे जुने कपाट. पहिले चार दिवस ताप आणि पलीकडच्या फोनवरचे रुग्ण यांत गेले. पाचव्या दिवशी ताप उतरला, पण डोके कापसासारखे झाले होते. मोबाइलवरची बातमी दोन ओळींच्या पुढे वाचवत नव्हती. मुलीने दाराबाहेरून विचारले, “आई, तुझ्या उशाशी असलेली ती जाडी कादंबरी आणून ठेवू का?” मी नको म्हटले. त्या कादंबरीत शंभराव्या पानापर्यंत तीन मृत्यू झाले होते, आणि मृत्यूंची त्या दिवसांत मला वाण नव्हती. हात लांब केला आणि कपाटातून जे पहिले पुस्तक आले ते घेतले. प्रकरणे दोन-तीन पानांची. एक संपले की डोळे मिटायचे, झोप लागली तर लागली. जाग आली की पुढचे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी हे पुस्तक असेल, कारण नॅशनल बुक ट्रस्टने ते चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या मराठी अनुवादात स्वस्तात उपलब्ध करून दिले आहे. तेत्सुको कुरोयानागी या जपानी दूरदर्शनवरील प्रसिद्ध निवेदिकेने १९८१मध्ये आपल्या बालपणावर लिहिलेले हे पुस्तक. पहिलीच्या वर्गातून, फार दंगा करते म्हणून, शाळेने काढून टाकलेली एक मुलगी. आई तिला काढून टाकल्याचे सांगत नाही, थेट तिची विशी उलटेपर्यंत सांगत नाही. नुसती नव्या शाळेत घेऊन जाते. त्या शाळेचे नाव तोमोए. वर्ग भरतात ते रेल्वेच्या जुन्या डब्यांत. मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी पहिल्या दिवशी या मुलीला समोर बसवून म्हणतात, बोल, आणि ती चार तास बोलते. ते चार तास ऐकतात.

येथे मी थांबले होते, हे आपल्यापाशी कबूल करते. माझ्या दवाखान्यात एका रुग्णाला सरासरी सात मिनिटे मिळतात.

आपल्याकडे या पुस्तकाची चर्चा बहुधा शिक्षणाच्या अंगाने होते. शिक्षक आणि तरुण पालक ते वाचतात. मला त्यात दुसरेच काही दिसले. त्या शाळेत सगळ्या तऱ्हेची मुले आहेत आणि त्यांचे तिथे असणे हा कोणाच्या उपकाराचा विषय नाही. ताकाहाशी नावाच्या मुलाची उंची वाढणार नाही. क्रीडादिनाच्या शर्यतींत मुख्याध्यापक असे अडथळे योजतात की आखूड पायांच्या, बुटक्या शरीराच्या मुलाला ते सोपे जावेत, आणि ताकाहाशी एकामागून एक शर्यती जिंकतो. बक्षिसे म्हणून भाज्या मिळतात. पोहण्याच्या तलावात मुले कपड्यांवाचून उतरतात. सगळी शरीरे सुंदरच असतात हे मुलांना कळावे आणि पोलिओ झालेल्या मुलांची भीड चेपावी, एवढाच त्यामागे हेतू. मुलांना यातले काहीही समजावून सांगितलेले नाही. ती नुसती खेळतात.

एका प्रसंगाने तर मला रात्री उठून बसवले. माणसाला पूर्वी शेपूट होते, असे वर्गात शिकवताना बाई सहज गमतीने ताकाहाशीला विचारतात, तुला आहे का रे शेपूट? वर्ग हसतो. संध्याकाळी तोत्तोचानच्या कानावर मुख्याध्यापकांचा आवाज पडतो. एरवी कधी न रागावणारे कोबायाशी त्या बाईंना विचारत असतात की, नेमके त्यालाच का विचारलेत? बाई रडत असतात. त्यांच्या मनात खरोखरच काही नव्हते.

माझ्याही मनात नव्हते. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षी, १९९६ साल असेल, डाउन सिंड्रोम असलेल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाला त्याची आई खोकल्यासाठी घेऊन आली होती. मी सगळे प्रश्न आईला विचारले. शेवटी म्हणाले, “याला गोळी गिळता येत नसेल ना? मग पातळ औषधच देते.” मुलगा म्हणाला, “येते.” एवढेच. मी हसले आणि पातळ औषधच लिहिले. ती माय-लेकरे पुन्हा माझ्याकडे आली नाहीत. आज तो चाळिशीला आलेला असेल आणि त्याची आई, असेलच तर, आपल्या या पाक्षिकाच्या वाचकांच्या वयाची असेल.

आता यासुआकीकडे येते. यासुआकी यामामोतो हा तोत्तोचानचा वर्गमित्र. पोलिओमुळे त्याचे पाय आणि हाताची बोटे अधू आहेत. तोमोएतील प्रत्येक मुलाने शाळेच्या आवारातले एकेक झाड आपले मानलेले असते आणि दुसऱ्याच्या झाडावर चढायचे तर रीतसर परवानगी मागावी लागते. यासुआकीला झाड नाही, कारण तो चढूच शकत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत तोत्तोचान त्याला आपल्या झाडावर येण्याचे निमंत्रण देते. घरी थाप मारून येते. आधी एक साधी शिडी आणते, ती डगमगते. मग दुहेरी शिडी ओढत आणते. आणि ती चिमुरडी मुलगी त्या मुलाला घामाघूम होत अखेर फांदीवर ओढून घेते. दोघे वर बसून गप्पा मारतात. इतकेच घडते.

ते प्रकरण वाचून मी पुस्तक छातीवर पालथे ठेवले आणि मला माझा दादा आठवला.

दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. १९६४चा जन्म. दुसऱ्या वर्षी ताप आला आणि ताप उतरल्यावर उजवा पाय उतरला, असे माझी काकू सांगत असे. पोलिओची लस तेव्हा घरोघर पोहोचलेली नव्हती. लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आणि उंच टाचेचा बूट घालून तो शाळेत जाई. आमचे एकत्र कुटुंब मुलुंडला एका दुमजली इमारतीत राहत होते. चौदा बिऱ्हाडे, मधे अंगण, वर गच्ची. अंगणात क्रिकेट चाले तेव्हा दादा अंपायर असे. कायमचा. कोणी त्याला नेमले, कधी नेमले, आठवत नाही. भिंत कुठे आहे हे जसे कोणी ठरवत नाही तसे ते होते. आणि संक्रांतीला सगळी मुले गच्चीवर पतंग बदवायला जात, तेव्हा दादा खाली अंगणात असे. गच्चीचा जिना लोखंडी होता, उभा, शिडीवजा. कटून आलेले पतंग तो खाली गोळा करी आणि संध्याकाळी आम्हांला वाटून देई. मी सहा-सात वर्षांची असेन. त्याने जमवलेल्या पतंगांतला जांभळा मला हवा असे. तो वर का येत नाही, हा प्रश्न मला पडल्याचे स्मरत नाही.

खोलीत कोंडून घेतलेल्या त्या चौदा दिवसांत तो प्रश्न मला पहिल्यांदा पडला. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. आणि तो कोणत्याही वैद्यकीय ग्रंथाने पाडला नाही. १९९५मध्ये पल्स पोलिओ सुरू झाल्यापासून मी किती बाळांच्या तोंडात थेंब घातले असतील याची मोजदाद नाही. १३ जानेवारी २०११ रोजी देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपण पोलिओमुक्त ठरलो, तेव्हा मी दवाखान्यात पेढे वाटले होते. दादालाही दिला होता.

आमच्या लहानपणीच्या पुस्तकांत दादा कुठेच नव्हता, हेही मग लक्षात येऊ लागले. घरी ‘किशोर’ येत असे. बालभारतीने १९७१मध्ये सुरू केलेले हे मासिक आमच्या पिढीने अक्षरशः झिजवले. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर सर्वांचाच. सायकलवर बसून सुसाट सुटणारा, संकटातून ‘टॉक्’ करीत निसटणारा तो काटकुळा पोरगा मला आजही प्रिय आहे आणि भागवतांच्या मराठीची चव नव्या पुस्तकांत क्वचित सापडते. पण तो धावतो. त्या पुस्तकांतली सगळीच मुले धावतात, आणि त्यांतले बहुतेक मुलगेच असतात. दादानेही ती सगळी वाचली होती. धावणाऱ्या मुलांची पुस्तके तो कट्ट्यावर बसून वाचत असे.

तरी आपली परंपरा अगदीच कोरडी नाही. साने गुरुजींनी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. रडवणारे पुस्तक म्हणून आपण ते आठवतो. पण त्यात श्यामला त्याची आई सांगते की, त्या महार म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवून दे, आणि मग घरी येऊन अंघोळ कर. आज नातवंडांना हे वाचून दाखवताना त्या अंघोळीपाशी आपण अडखळतो. अडखळावेच. नातवंड विचारेल, अंघोळ कशाला? त्या प्रश्नाचे उत्तर आजी-आजोबांनीच द्यायचे आहे, कारण तो काळ ज्यांनी पाहिला किंवा पाहिलेल्यांकडून ऐकला ते आपणच उरलो आहोत.

राम पटवर्धनांनी अनुवादलेले ‘पाडस’ मी त्यानंतर पुन्हा काढले. कॉलेजात असताना वाचले होते तेव्हा ज्योडी आणि त्याचे हरिणाचे पाडस एवढेच मनात राहिले होते. या वेळी शेजारच्या घरातला फॉडरविंग दिसला. पाठीला बाक, पाय वाकडे, प्राण्यांशी बोलणारा, एकदा पंख लावून उडू पाहणारा मुलगा. त्या दांडगट, भांडखोर भावांच्या घरात त्याला सगळे जपतात. ज्योडीचा तोच एक मित्र. पाडसाला फ्लॅग हे नाव त्यानेच दिलेले असते आणि ते ज्योडीला कळते तेव्हा तो या जगात नसतो. विशीत मी त्याला ओलांडून पुढे गेले होते. मला कथानकाची घाई होती.

अलीकडची पुस्तके मुलीने आणि आता दवाखान्यात येणाऱ्या शाळकरी मुलांनी सुचवली. ल. म. कडू यांची ‘खारीच्या वाटा’, जिला २०१७चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, ती धरणापायी उठणाऱ्या गावातल्या मुलाच्या नजरेने सांगितलेली गोष्ट आहे. मुंबईला पाणी पाजणारी धरणेही कोणाच्या तरी गावांवर उभी आहेत, हे मला नळ सोडताना आता आठवते. माधुरी पुरंदरे यांची पुस्तके त्याहून लहानांसाठी असतात. पण त्यांतल्या आज्या नऊवारीतल्या, गोष्ट सांगून झोपवणाऱ्या ठरीव आज्या नाहीत, हे कोणत्याही आजीला पहिल्या पानावर कळेल. सगळीच नवी पुस्तके चांगली असतात असे मात्र नाही. काहींत व्हीलचेअरमधला मुलगा केवळ धडा शिकवायला आणलेला असतो. त्याला स्वभाव नसतो, खोड्या नसतात, राग नसतो. अशी पुस्तके मी तिसऱ्या प्रकरणात मिटते. मुलेही मिटतात.

आता डॉक्टर म्हणून थोडे. वाचणाऱ्या माणसाने वाचणे सोडले, तर ते लक्षण समजावे. “बाबा हल्ली पेपरसुद्धा उघडत नाहीत, वय झालं,” असे मुलगा सांगतो तेव्हा मी आधी डोळे पाहते, कारण मोतीबिंदू हळूहळू वाढतो आणि दिसत नाही हे सांगण्याऐवजी माणसे वाचायचेच सोडतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर वाचायचा नंबर स्थिरावायला महिना-दीड महिना लागतो. तोवर जुन्याच चष्म्याने झगडत बसणारे आणि “ऑपरेशन वाया गेलं” म्हणणारे पुष्कळ भेटतात. डोळे नीट असतील तर नैराश्य, स्मरणशक्ती, क्वचित लहानसा पक्षाघात यांचा विचार करावा लागतो. अचानक अक्षरे कळेनाशी झाली तर वाट पाहू नये, त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

आणि जो आजारातून उठत आहे, किंवा जो आजाऱ्याची सेवा करीत आहे, त्याच्यासाठी कुमारांची पुस्तके फार सोयीची असतात. टाइप मोठा, ओळींत अंतर. वजन कमी, त्यामुळे संधिवाताचे अंगठे दुखत नाहीत. प्रकरण दहा मिनिटांत संपते, आणि सेवा करणाऱ्या बाईला सलग मिळतात ती दहाच मिनिटे. त्या कंपवाताच्या काकूंनी मला सांगितले, “मोठ्यांची कादंबरी खाली ठेवली की परत उचलताना कोण कोणाचा कोण, ते विसरायला होतं. यात तोत्तोचान असते आणि ती मला लगेच सापडते.” हल्ली त्या यजमानांकडून रोज एक पान मोठ्याने वाचून घेतात. कंपवातात आवाज बारीक होत जातो आणि मोठ्याने बोलण्याचा सराव करावा लागतो. वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी दिलेली वाक्ये म्हणायला काका कंटाळत असत. आता शेजारपर्यंत ऐकू जाते, असे काकू तक्रारीच्या सुरात सांगतात.

एक सावधगिरी मात्र हवी. म्हाताऱ्या माणसाने मुलांचे पुस्तक वाचणे वेगळे आणि त्याला मूल समजणे वेगळे. स्मृतिभ्रंश झालेल्या निवृत्त मुख्याध्यापिकेच्या हाती सुनेने रंगवायची चित्रे दिली आणि बाईंनी ती भिरकावली, हे मी पाहिले आहे. सून चुकली नव्हती, थकली होती. पुस्तक देताना विचारावे, दोन-तीन समोर ठेवावीत, निवड त्यांची असू द्यावी. मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघासारख्या संस्थेचे ग्रंथालय आहे. पार्ले, बोरिवली, घाटकोपर इकडेही वाचनालये टिकून आहेत. बालविभागाच्या फडताळापाशी उभ्या असलेल्या ज्येष्ठांकडे कोणी वळून पाहत नाही. सगळ्यांना वाटते, नातवंडांसाठी चालले असेल. कव्हराची गरज नाही.

दादाकडे पुस्तक घेऊन जायला मला त्यानंतर तीन वर्षे लागली. धीर होत नव्हता. तो आता एकसष्ट वर्षांचा आहे, निवृत्त झाला आहे आणि मुलुंडलाच राहतो. आमची जुनी इमारत पाडून तिथे सात मजली झाली. तिसऱ्या मजल्यावर त्याचे घर. गेल्या काही वर्षांत त्याचा चांगला पायही लवकर दमू लागला आहे. याला पोलिओनंतरचा क्षीणपणा म्हणतात. आजारातून वाचलेल्या थोड्या चेतापेशी आयुष्यभर दुप्पट-तिप्पट स्नायूंचा भार वाहतात आणि तीस-चाळीस वर्षांनी थकू लागतात. आपल्या घरात पोलिओ होऊन गेलेले कोणी साठीच्या आसपास असेल आणि “हल्ली जिना चढवत नाही” म्हणत असेल, तर “आळस सोडा, व्यायाम करा” असे कृपया म्हणू नका. स्नायू दमवणारा व्यायाम इथे अपाय करतो. बेताची हालचाल, मधे मधे विश्रांती, आणि काठी घ्यावी लागली तर काठी. दादाला जिममध्ये पाठवण्याचा सल्ला एका नातेवाइकाने दिला होता आणि दादा दीड महिना जाऊन अंथरुणाला खिळला होता.

मी पुस्तक दिले आणि वहिनीपाशी स्वयंपाकघरात जाऊन बसले. आठवड्याने पुन्हा गेले तेव्हा ते त्याच्या उशाशी होते, कव्हराशिवाय.

मी धीर करून म्हणाले, “दादा, ते झाडाचं प्रकरण वाचलंस? आम्ही तुला कधी विचारलंच नाही रे. गच्चीवर येतोस का म्हणून.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “विचारलं होतंत की.”

“कधी?”

“तू लहान होतीस. तुझ्या भावानं विचारलं होतं, पाठुंगळी घेऊन जातो म्हणून. मी नाही म्हटलं. चौदा वर्षांचा होतो मी. पोरीबाळींसमोर पाठुंगळी कोण जाईल?” त्याने पुस्तक हातात घेतले, उघडले नाही. “सगळे त्या मुलीचं कौतुक करतात. मला त्या मुलाचं वाटलं. तिनं ओढलं, आणि त्यानं ओढू दिलं. आपल्या हातून नाही झालं ते.”

तीन वर्षे मी माझ्या अपराधाची गोष्ट मनात घोळवत होते. त्या गोष्टीत दादा खाली अंगणात उभा होता आणि कोणी त्याला विचारत नव्हते. त्याची गोष्ट निराळी निघाली. भावाला मी त्याच रात्री फोन केला. त्याला यातले काही आठवत नव्हते.

“आणि अंपायर?” मी विचारले.

“अंपायर मीच मागून घेतलं होतं. तुझ्या भावाला सात वेळा पायचीत दिलाय मी.”

वहिनी चहा घेऊन आली. मी म्हणाले, “आता विचारलं तर?”

“काय?”

“गच्चीवर येतोस का?”

त्याने पायाकडे पाहिले नाही, वहिनीकडे पाहिले. वहिनी म्हणाली, “डॉक्टरच विचारतायत, तर मी काय सांगणार?” दादा म्हणाला, “फिरकी कोण पकडणार?” मी म्हणाले, मी.

जाताना मी वर जाऊन पाहून आले. लिफ्ट सातव्या मजल्यावर संपते. तिथून गच्चीपर्यंत अठरा पायऱ्या आहेत, नवव्या पायरीला वळण आहे आणि वळणावर एक खुर्ची मावते. कठडा चढताना डाव्या हाताला येतो. दादाचा डावा हात भक्कम आहे. संक्रांतीला अजून पाच आठवडे आहेत. गच्चीच्या दाराची किल्ली वॉचमनकडे असते, त्याला सांगून ठेवले आहे.